योगक्षेम : नवव्या अध्यायातला टाळलेला श्लोक



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २२.

रोज एक श्लोक या हिशेबाने सातशे श्लोकांची एक फेरी दोन वर्षांच्या आत पूर्ण होते. ही माझी दुसरी फेरी. मागच्या फेरीत या श्लोकाच्या दिवशी काय लिहिलं होतं ते काल रात्री काढून बघितलं. सगळ्या मिळून सहा ओळी, आणि त्यातल्या चार एलआयसीवर. एलआयसीच्या बोधचिन्हात ज्योतीला जपणारे दोन हात आहेत आणि त्याखालचे संस्कृत शब्द याच श्लोकातून घेतलेत, अशी माहिती देऊन मी मोकळा झालो होतो. माहिती खरी आहे. पण तेव्हा चिऊ पाच वर्षांची होती, आणि या श्लोकावर मनापासून लिहायची माझी हिंमत नव्हती. आज प्रयत्न करतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. चिऊ आमची लेक, आता सात वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. या आजारात हालचालींची क्षमता मोजायची एक मोजपट्टी आहे, जीएमएफसीएस नावाची, तिच्या पाच पातळ्या. पहिल्या पातळीचं मूल चालतं, पळतं, फक्त जरा अडखळतं. चिऊ पाचव्या पातळीवर आहे. मान स्थिर राहत नाही, बसता येत नाही, बोलता येत नाही, हातापायांचे स्नायू कडक. सोबत फिट्स. वजन चौदा किलो. आवाज ओळखते, हसते, आणि आजीने हरिपाठ सुरू केला की हातपाय सैल सोडते. हे शेवटचं कुठल्याही रिपोर्टमध्ये आलेलं नाही.

आता श्लोक. भगवंत म्हणतात की जे दुसरं काही मनात न आणता माझंच चिंतन करतात, सतत माझ्याशी जोडलेले असतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो. आपण मराठीत 'योगक्षेम' हा शब्द सरसकट 'पोटापाण्याची सोय' या अर्थाने वापरतो. पत्रात वडीलधारी माणसं लिहायची, योगक्षेम नीट चालला आहे. पण शंकराचार्य भाष्यात या शब्दाचे दोन भाग करतात. जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग. जे मिळालेलं आहे त्याचं रक्षण म्हणजे क्षेम.

ही फोड मी इंजिनिअरिंगला असताना पहिल्यांदा वाचली होती आणि व्याख्या पाठ करावी तशी पाठ केली होती. ती कळायला चिऊ यावी लागली.

पहिली चार वर्षं आम्ही फक्त योगाच्या मागे होतो. मान धरेल का, बसेल का, उभी राहील का. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, मग कुणी सांगितलं म्हणून केरळात पंचकर्म, मग कुणी सांगितलं म्हणून दुसऱ्या शहरात एक महागडं इंजेक्शन. त्या इंजेक्शनचं नाव लिहीत नाही. मेंदू 'दुरुस्त' करून देतो म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की उपयोगाचा पुरावा कुठे छापलाय. आम्ही विचारलं नव्हतं. मी, जो ऑफिसात टेस्ट रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणाचा दोन ओळींचा कोडसुद्धा पुढे जाऊ देत नाही. या धावपळीत आम्ही एक एक्सरे चुकवला.

तो एक्सरे खुब्याचा. चिऊसारख्या मुलांचे मांडीचे स्नायू सतत आत ओढतात आणि मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो. मूल जन्मतं तेव्हा खुबा चांगला असतो, तो नंतर बिघडतो. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात पाचव्या पातळीच्या दहापैकी नऊ मुलांचा खुबा सरकलेला आढळला होता. म्हणून ठराविक अंतराने एक्सरे काढून गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे ते मोजत राहायचं. वेळेत कळलं तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागू शकतं. उशीर झाला की मोठी शस्त्रक्रिया, आणि काहींना जन्मभर दुखणं. ते दुखणं सांगता येत नसलेल्या मुलाला जन्मभर.

आम्ही दीड वर्ष उशीर केला. डॉक्टर रागावले नाहीत. फिल्म लाइट बॉक्सवर लावली, पेनने एक रेघ मारली आणि म्हणाले, "चालायचं स्वप्न बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. पण आधी हे सांभाळा. तिच्याकडे जे आहे ते जायला नको."

जे आहे ते जायला नको. क्षेम याहून सोप्या मराठीत मला कुणी सांगितला नव्हता. आणि सांगणारे डॉक्टर बहुतेक देव न मानणारे असावेत.

त्यानंतर आमच्या घरचा दिनक्रम क्षेमाचा झाला. खुबा, पाठीचा कणा, फुफ्फुसं, गिळणं, त्वचा. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, म्हणून तिला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, अर्धा चमचा भरवायचा आणि गिळल्याचं दिसेपर्यंत थांबायचं. एका जेवणाला पाऊण तास. हे काम बाहेरून दिसत नाही. लोक विचारतात, "काही प्रगती?" न्यूमोनिया न होता गेलेला पावसाळा ही प्रगती आहे असं म्हटलं तर समोरचा ओशाळतो. मग मी म्हणतो, "हो, ठीक चाललंय." योगक्षेम नीट चालला आहे, हेच ते.

आता श्लोकातल्या ज्या शब्दापाशी मी अडतो तो : वाहतो.

कीर्तनात एक गोष्ट सांगतात, वेगवेगळ्या ठिकाणी तपशील बदलतात. एक गरीब पंडित गीतेवर टीका लिहीत होता. या श्लोकापाशी आल्यावर त्याला वाटलं, जगाचा स्वामी स्वतः ओझं कशाला वाहील? तो देत असेल. म्हणून त्याने 'वाहतो' हा शब्द लेखणीने खोडला आणि त्याजागी 'देतो' लिहिलं. मग भिक्षेला बाहेर पडला. इकडे घरी एक सावळा पोरगा धान्याची पोती पाठीवर घेऊन आला. बायकोने बघितलं तर त्याच्या पाठीवर ओरखडे, रक्त आलेलं. तिने विचारलं तर म्हणाला, तुमच्या यजमानांनीच केलं हे. पंडित रिकाम्या हाताने परतला, बायकोने सगळं सांगितलं, आणि पोथी उघडून बघतो तर खोडलेली रेघ नाहीशी झालेली.

लहानपणी मला ही गोष्ट चमत्काराची वाटायची. गेल्या श्रावणात ती वेगळी ऐकू आली. त्याचं कारण अध्यात्मिक नाही, कंबर आहे.

चिऊला बाथरूममधून खोलीत आणताना माझ्या कंबरेत कळ आली आणि मी तिच्यासकट भिंतीला टेकलो. तिला काही झालं नाही. मला एमआरआय, मणक्यातली गादी सरकलेली, तीन आठवडे सक्त विश्रांती, त्यानंतरही पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. मुलगी चौदा किलोची आणि वाढत्या वयाची. बिछान्यावर पडून मी पहिल्यांदाच साधा गुणाकार केला. ती वीस वर्षांची होईल तेव्हा मी पन्नाशीच्या आसपास. चाळीसची होईल तेव्हा मी सत्तरीत, असलो तर.

पैसे देता येतात. मी देतोच आहे. पण तिला दिवसातून बारा-चौदा वेळा कुणीतरी उचलावं लागतं, कूस बदलावी लागते, आणि तिथे 'देतो' हा शब्द कामाचा नाही. त्या पंडिताने जो शब्द कमीपणाचा म्हणून खोडला, तोच आमच्या घरात हवा आहे. वाहणारा माणूस हवा.

आमच्या क्षेत्रात एक क्रूर विनोदी कल्पना आहे, 'बस फॅक्टर'. प्रोजेक्टवरची किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर मॅनेजरची झोप उडते. चिऊचा बस फॅक्टर दोन होता, मी आणि बायको. माझी कंबर गेली त्या दिवशी तो एक झाला.

त्या तीन आठवड्यांत एका रात्री बायको अंधारात म्हणाली, "तुला एक सांगू? रागावू नकोस. मी रोज देवाला म्हणते की हिला आमच्या आधी एक दिवस ने. एकच दिवस."

मी रागावलो नाही. मीही तेच म्हणत होतो, पंढरीला गाभाऱ्यात उभा राहून म्हटलं होतं. तोपर्यंत आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं इतकंच. मंडळी, ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यापैकी किती जण ही प्रार्थना करतात मला माहीत नाही, पण तुम्ही करत असाल तर तुम्ही राक्षस नाही एवढं सांगायला मी हे लिहितोय. आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना विनंती : पूर्वजन्मीचं कर्म, प्रारब्ध वगैरे आम्हाला समजावू नका. शास्त्रात काय आहे ते मीही वाचतो. पण आजारी लेकरासमोर बसून त्याच्या मागच्या जन्माचा हिशेब मांडणारा संत मला अजून एकही भेटलेला नाही. ते काम नातेवाईकच करतात.

या श्लोकावर ज्ञानेश्वर महाराज काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशी आईकडून वाचून घेतलं, मला पोथी धरून बसता येत नव्हतं. माउली इथे पक्षिणीचा दृष्टांत देतात. पंख न फुटलेल्या पिलांच्या जिवावर जगणारी पक्षीण. पुढे म्हणतात की तान्ह्याला स्वतःची तहानभूक कळत नाही, त्याच्या हिताचं जे असेल ते आईनेच करायचं.

आई वाचत होती आणि मी मनातल्या मनात वाद घालत होतो. पिलाला आज पंख नाहीत, उद्या फुटतील. म्हणून पक्षिणीचे कष्ट मोजके. आमच्या चिऊला कधीच फुटणार नाहीत. हा दृष्टांत आम्हाला लागू होत नाही.

मी आईला तसं म्हटलंही. आईने चष्मा काढला, परत ती ओवी वाचली, आणि म्हणाली, "पण यात पंख फुटायची गोष्ट कुठंय रे? पक्षीण त्यांच्या जिवावर जगते एवढंच म्हटलंय." मग पुढची ओवी वाचायला लागली.

मी परत बघितलं. खरंच नाही. पिलं उडून जातात हा भाग मी माझ्या मनाचा जोडला होता. माउलींनी घेतलाय तो फक्त तेवढा काळ, जेव्हा पंख नसतात. आणि जीव कुणाचा कुणावर अवलंबून आहे तेही मी उलटं धरलं होतं : जगते ती पक्षीण, पिलांच्या जिवावर. आई सत्तरीची आहे, सातवीनंतर शाळा नाही. मी बी.ई.

तरी एक शंका राहतेच. श्लोकात अट आहे, 'अनन्य' होऊन चिंतन करणाऱ्यांची. चिऊ चिंतन करते का? मला माहीत नाही. मी करतो का? पहाटे पाचला उठून हे लिहितो तेव्हा करतो, नऊच्या मीटिंगला विसरतो. 'अनन्य' म्हणजे ज्याला दुसरं कुणी नाही तो. या अर्थाने घरात अनन्य कोण असेल तर तीच. हा अर्थ माझा आहे, याला भाष्यात आधार शोधू नका. संस्कृतात तिथे चिंतन करणाऱ्या भक्तांविषयीच ते विशेषण आहे. पण अट सगळ्यात आधी पूर्ण करणारी तीच असावी असं मला वाटतं, आणि ते वाटणं मी सोडणार नाही.

बरं. देव वाहतो म्हणून आपण कागदपत्रं करायची नाहीत असा अर्थ कुणी काढू नये. मी काढला होता, आळसाने. तीन आठवड्यांत पडून ती कामं वाचून काढली. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

अठरा वर्षांपर्यंत आईवडील नैसर्गिक पालक. अठराव्या वाढदिवसानंतर कायद्याच्या नजरेत तीही सज्ञान, आणि आपण तिच्या वतीने सही करू शकत नाही. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि मग दरवर्षी हिशेब. मिळालेलं नीट राखलंय ना, हे सरकारही विचारतं. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या पालकांना ती माहीत नव्हती. यूडीआयडी कार्ड नसेल तर आधी ते काढा, बाकी सगळं त्यावर अडतं.

एलआयसीकडे परत येतो, कारण मागच्या फेरीत मी तिथेच थांबलो होतो. आयकरात अपंग अपत्यासाठी पॉलिसी घेतली की सवलत मिळते, पण जुन्या नियमात अपत्याला पैसे सुरू व्हायचे ते पालक गेल्यावरच. म्हणजे बाप म्हातारा, मिळकत थांबलेली, मूल चाळिशीचं, आणि पॉलिसी बापाच्या मरणाची वाट बघतेय. हे प्रकरण एका अपंग मुलीच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला विचार करायला सांगितलं, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात तरतूद बदलली. आता पालक साठ वर्षांचा झाला की हप्ते थांबवून अपत्याला रक्कम सुरू होऊ शकते. कुणीतरी एका बापाने हे ओझं वाहिलं, त्याचा फायदा मला. मी त्यांना ओळखत नाही.

कायदा झाला, पैसा झाला. वाहणाऱ्याचं काय?

माझी कंबर गेली तेव्हा धाकटा भाऊ कऱ्हाडहून आला. त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, पन्नास किलोची पोती उचलायची सवय. त्याने चिऊला उचललं आणि ती ताठ झाली, किंचाळली. तो घाबरला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आधी गुडघे दुमडायचे, मग मानेखाली हात, मग तिचं नाव घ्यायचं आणि एक श्वास थांबून उचलायचं. सात वर्षांत आम्ही त्याला कधी उचलू दिलं नव्हतं. "राहू दे, तुला जमायचं नाही," असं म्हणत आम्ही दोघांनीच सगळं धरून ठेवलं होतं. त्यात प्रेम होतं, आणि थोडा अहंकारही होता. भक्तांच्या गर्वाविषयी मी इथे किती वेळा लिहिलंय, आणि हा माझ्या घरातला मला दिसला नाही.

तीन आठवडे तो राहिला. दुकान बायकोवर टाकून. शेवटच्या आठवड्यात चिऊ त्याच्या आवाजाला हसायला लागली.

मी मग ऑफिसात करतो तेच घरी केलं, सगळं लिहून काढलं. कोणतं औषध किती वाजता, फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकातला फवारा कुठे ठेवलाय आणि किती मारायचा, रडण्याचे चार प्रकार आणि प्रत्येकाचा अर्थ, खुब्याचा पुढचा एक्सरे कधी, कोणता हरिपाठ लावायचा. अकरा पानं झाली. बायकोने वाचून वीस चुका काढल्या. रडण्याचे प्रकार सहा आहेत म्हणाली.

ती रात्रीची प्रार्थना गेली का? नाही. अजून येते, विशेषतः फिटनंतरच्या रात्री. पण पूर्वी ती येऊन थांबायची. आता तिच्या मागोमाग एखादं काम आठवतं : समितीचा अर्ज, भावाला गिळण्याचं शिकवायचं राहिलंय, पान नऊ अजून अपुरं आहे. हे अनन्य चिंतन नव्हे, मला मान्य आहे.

परवा शनिवारी भाऊ आणि भावजय आले होते. भावजयीने पहिल्यांदाच चिऊला भरवायला घेतलं. मी शेजारी बसून सूचना देत होतो, अर्धाच चमचा, थांबा, हनुवटी बघा. दोन घासांनंतर ती म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मी बाहेर बसलो. पाऊण तासाऐवजी तासभर लागला. वाटी रिकामी झाली. चिऊ तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत होती, चमचा तोंडाकडे येताना किणकिण झाली की आपणहून तोंड उघडत होती. सात वर्षांत हे आम्हाला कळलं नव्हतं, बायको बांगड्या घालत नाही.

पान चारवर ती ओळ वाढवली आहे.

राम कृष्ण हरी.